विश्लेषण : भाड्याच्या संगणकांनी ब्लॉकचेनचा इतिहास बदलता येतो? काय आहे ‘५१ टक्के हल्ला’?

‘ब्लॉकचेनवर एकदा झालेली नोंद कोणालाही बदलता येत नाही,’ हे कूटचलनांच्या प्रचारातले सर्वांत लाडके वाक्य आहे. मात्र ऑगस्ट २०२० मध्ये ‘इथेरियम क्लासिक’ या कूटचलनाच्या नोंदवहीतील हजारो नोंदी एकाच महिन्यात तीन वेळा बदलल्या गेल्या. त्यासाठी कोणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही की सॉफ्टवेअरमधली त्रुटी शोधावी लागली नाही. नेटवर्कमधल्या बाकी सर्वांकडे मिळून जितकी संगणकीय क्षमता होती, त्याहून अधिक क्षमता हल्लेखोराने काही तासांसाठी मिळवली, एवढेच. यालाच ‘५१ टक्के हल्ला’ म्हणतात. हा हल्ला कसा होतो, त्यात कोणाचे पैसे बुडतात आणि बिटकॉइनला त्याचा धोका किती, याविषयी…

ऑगस्ट २०२० मध्ये नेमके काय घडले?

१ ऑगस्ट २०२० रोजी इथेरियम क्लासिकच्या नेटवर्कवर अचानक एक नवीच साखळी प्रकट झाली. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक ब्लॉक होते. या चलनात साधारण १३ सेकंदांना एक ब्लॉक तयार होतो, हे लक्षात घेतले तर या नोंदी सुमारे १३ तासांच्या होत्या. नवी साखळी आधीच्या साखळीपेक्षा वरचढ असल्याने नियमानुसार जगभरातील संगणकांनी तिलाच खरे मानले आणि आधीचे सगळे ब्लॉक बाद केले. सुरुवातीला हा तांत्रिक बिघाड समजला गेला. एखाद्या मोठ्या मायनरचा संपर्क तुटला असावा, तो एकटाच ब्लॉक तयार करत राहिला असावा आणि संपर्क जुळल्यावर त्याची साखळी पुढे आली असावी, असा अंदाज होता. काही दिवसांनी ब्लॉकचेन विश्लेषण करणाऱ्या ‘बिटक्वेरी’ या कंपनीने व्यवहार तपासले, तेव्हा हा ठरवून केलेला हल्ला असल्याचे उघड झाले. हल्लेखोराने ८ लाख ७ हजार २६० नाणी दोनदा वापरली होती. त्यांची किंमत होती सुमारे ५६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ४२ कोटी रुपये. त्यासाठी संगणकीय क्षमता भाड्याने घेण्यावर झालेला खर्च, बिटक्वेरीच्या हिशेबानुसार, सुमारे १ लाख ९२ हजार डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या आत होता. यानंतर ६ ऑगस्टला दुसरा हल्ला झाला, त्यात चार हजारांहून अधिक ब्लॉक बदलले गेले. २९ ऑगस्टच्या तिसऱ्या हल्ल्यात सात हजारांहून अधिक ब्लॉक बाद झाले.

मुळात ही नोंदवही लिहिते कोण?

बँकेतील खात्याची नोंद बँक ठेवते. कूटचलनात अशी मध्यवर्ती संस्था नसते. नोंदवहीची प्रत नेटवर्कमधील हजारो संगणकांवर असते आणि त्यात नवे पान जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी स्पर्धा लागते. या पानालाच ब्लॉक म्हणतात. एका अवघड आकडेमोडीचे उत्तर जो संगणक सर्वांत आधी शोधतो, त्याला पुढचा ब्लॉक जोडता येतो आणि बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. या कामाला मायनिंग आणि ते करणाऱ्यांना मायनर म्हणतात. उत्तर शोधायला कोणतीही युक्ती चालत नाही. एकामागून एक आकडा वापरून पाहावा लागतो, म्हणजे हा लॉटरीची जास्तीत जास्त तिकिटे घेण्यासारखा प्रकार आहे. ज्याच्याकडे संगणकीय क्षमता, म्हणजेच हॅशरेट जास्त, त्याची तिकिटे जास्त. नेटवर्कच्या १० टक्के क्षमता ज्याच्याकडे आहे, तो दीर्घकाळात साधारण १० टक्के ब्लॉक तयार करतो.

कधी कधी दोन मायनरना जवळजवळ एकाच वेळी उत्तर सापडते आणि साखळीला दोन फाटे फुटतात. अशा वेळी खरा फाटा कोणता, याचा नियम साधा आहे. ज्या फाट्यावर अधिक संगणकीय मेहनत खर्च झाली आहे, तो खरा. बोलीभाषेत यालाच ‘सर्वांत लांब साखळी’ म्हणतात. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधात हा नियम मांडला गेला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला. कोणावरही विश्वास न ठेवता सर्वांचे एकमत घडवणारा नियम म्हणून त्याचे कौतुक झाले. ५१ टक्के हल्ला हा नियम मोडत नाही. उलट तो काटेकोर पाळूनच हा हल्ला होतो.

निम्म्याहून अधिक क्षमतेने काय फरक पडतो?

समजा, एखाद्याला आधीची नोंद बदलायची आहे. त्यासाठी त्याला त्या नोंदीच्या आधीच्या ब्लॉकपासून स्वतःचा वेगळा फाटा सुरू करावा लागेल आणि तोवर पुढे गेलेल्या खऱ्या साखळीला गाठून मागे टाकावे लागेल. ही शर्यत आहे. क्षमता निम्म्याहून कमी असेल, तर दैव जोरावर असल्यास तो थोडा वेळ पुढे जाईलही, पण अंतर जितके जास्त तितकी गाठण्याची शक्यता झपाट्याने घटते. नाकामोतोच्या निबंधात याचे गणितच दिले आहे. हल्लेखोराकडे १० टक्के क्षमता असेल, तर पैसे घेणाऱ्याने पाच ब्लॉक वाट पाहिली की फसवणुकीची शक्यता हजारात एकाहून कमी होते. हल्लेखोराकडे ३० टक्के क्षमता असेल, तर त्याच खात्रीसाठी २४ ब्लॉक थांबावे लागते. ४५ टक्के असेल, तर ३४० ब्लॉक. निम्म्यावर पोहोचताच हे गणित कोसळते. कितीही ब्लॉक वाट पाहिली तरी हल्लेखोर कधी ना कधी गाठणारच. म्हणून हा टप्पा महत्त्वाचा. ‘५१’ हा आकडा बोलण्याच्या सोयीचा आहे. प्रत्यक्षात ५० टक्क्यांहून किंचित अधिक क्षमताही पुरते.

निम्म्याहून कमी क्षमता पूर्ण निर्धोक असते, असेही नाही. कॉर्नेल विद्यापीठातील इत्ताय इयाल आणि एमिन ग्युन सिरेर या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, सापडलेले ब्लॉक लगेच जाहीर न करता लपवून ठेवणारा आणि मोक्याच्या क्षणी बाहेर काढणारा गट एक तृतीयांश क्षमतेवरही आपल्या वाट्याहून जास्त बक्षीस मिळवू शकतो. जास्त कमाई दिसली की इतर मायनरही त्या गटात जातात आणि गट निम्म्याकडे सरकू लागतो.

पैसे प्रत्यक्षात कसे लुटले जातात?

एकच जमीन दोघांना विकल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात नव्या नाहीत. पहिल्या खरेदीदाराकडून पैसे घ्यायचे, त्याच्या नावाचा फेरफार कायम होण्याआधी तीच जमीन दुसऱ्याच्या नावे करायची. ५१ टक्के हल्ल्यातील लूट याच जातीची असते. फरक असा की, इथे आधी झालेली नोंदही मागाहून पुसता येते. एकच नाणे दोनदा वापरण्याच्या या प्रकाराला ‘डबल स्पेंड’ म्हणतात.

इथेरियम क्लासिकवरील पहिल्या हल्ल्यात ‘ओकेईएक्स’ हे एक्स्चेंज लक्ष्य होते. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीतून हल्ल्याची पद्धत स्पष्ट होते. हल्लेखोराने २६ जून ते ९ जुलै २०२० या काळात तिथे पाच खाती उघडली. त्यांत ६८ हजारांहून अधिक ‘झीकॅश’ ही दुसऱ्या चलनाची नाणी जमा केली, ती विकून इथेरियम क्लासिक घेतले आणि ते स्वतःच्या वॉलेटमध्ये काढून घेतले. इथवर सगळे नेहमीच्या ग्राहकासारखे. मग त्याने भाड्याच्या क्षमतेवर गुपचूप वेगळी साखळी तयार करायला सुरुवात केली. त्याच वेळी खऱ्या साखळीवर ८ लाख ७ हजार २६० नाणी ओकेईएक्सकडे पाठवली, ती विकून ७८ हजारांहून अधिक झीकॅश घेतले आणि ते बाहेर काढले. गुप्त साखळीत मात्र त्याच नाण्यांची नोंद त्याने स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवल्याची केली होती. झीकॅश हाती येताच त्याने गुप्त साखळी जाहीर केली. ती वरचढ असल्याने नेटवर्कने स्वीकारली आणि एक्स्चेंजकडे नाणी पाठवल्याची नोंदच नाहीशी झाली. हल्लेखोराकडे झीकॅशही राहिले आणि मूळ नाणीही.

हल्लेखोराला काय करता येत नाही?

निम्म्याहून अधिक क्षमता हाती आली म्हणजे सगळे नेटवर्क ताब्यात आले, हा गैरसमज आहे. दुसऱ्याच्या वॉलेटमधील नाणी हल्लेखोराला खर्च करता येत नाहीत, कारण त्यासाठी त्या वॉलेटच्या मालकाची डिजिटल सही लागते आणि ती संगणकीय क्षमतेच्या जोरावर बनवता येत नाही. ठरलेल्या बक्षिसापेक्षा जास्त नाणी त्याला निर्माण करता येत नाहीत. असा ब्लॉक नियमात बसत नाही आणि नेटवर्कमधील इतर संगणक तो नाकारतात. वर्षानुवर्षांपूर्वीच्या नोंदी बदलणे तत्त्वतः शक्य असले, तरी तितकी सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागत असल्याने परवडत नाही.

मग त्याला करता काय येते? स्वतः केलेला अलीकडचा खर्च मागे घेता येतो. नावडते व्यवहार आपल्या ब्लॉकमध्ये न घेऊन अडवून ठेवता येतात. इतर मायनरचे ब्लॉक दुर्लक्षून सगळी बक्षिसे स्वतःकडे वळवता येतात. थोडक्यात, तिजोरी फोडता येत नाही, पण हिशेबाची शेवटची काही पाने फाडून पुन्हा लिहिता येतात.

नुकसान कोणाचे होते?

थेट नुकसान होते ते नाणी घेऊन लगेच दुसरी वस्तू देणाऱ्याचे, म्हणजे मुख्यतः एक्स्चेंजचे. ओकेईएक्सने हा तोटा स्वतः सोसला. त्याआधी जानेवारी २०१९ मध्येही इथेरियम क्लासिकवर असाच हल्ला झाला होता. तेव्हा ‘कॉइनबेस’ने २ लाख १९ हजार ५०० नाण्यांचा, म्हणजे सुमारे ११ लाख डॉलरचा दुहेरी वापर झाल्याचे जाहीर केले. त्या हल्ल्याचा फटका बसलेल्या ‘गेट डॉट आयओ’ या एक्स्चेंजला नंतर हल्लेखोराने एक लाख डॉलर परत पाठवले, हा त्यातला चमत्कारिक भाग.

दुसरे नुकसान प्रामाणिक मायनरचे. त्यांचे ब्लॉक बाद झाले की त्यांची बक्षिसेही जातात. २०२० मध्ये इथेरियम क्लासिकच्या एका ब्लॉकला ३.२ नाणी मिळत. साडेतीन हजार ब्लॉकचा हिशेब केला, तर ११ हजारांहून अधिक नाणी मायनरच्या हातून गेली आणि हल्लेखोराच्या फाट्यावर जमा झाली. वीज खर्च झाली ती वेगळीच. सामान्य धारकाच्या वॉलेटमधून काही जात नाही, पण एक्स्चेंज त्या चलनाचे व्यवहार थांबवतात, काही जण ते यादीतूनच काढतात आणि अडकलेल्या गुंतवणूकदाराला भाव पडताना पाहत बसावे लागते.

इथेरियम क्लासिकच्या बाबतीत आणखी एक नुकसान झाले. २०१६ मध्ये ‘द डाओ’ या निधीतून ३६ लाख इथर लंपास झाल्यावर इथेरियमच्या बहुसंख्यांनी नियम बदलून ते पैसे परत फिरवले. झालेली नोंद कोणत्याही कारणासाठी बदलता कामा नये, असे म्हणत ज्यांनी त्याला नकार दिला, त्यांची साखळी म्हणजे इथेरियम क्लासिक. न बदलणारी नोंद हेच ज्या चलनाच्या जन्माचे कारण होते, त्याचीच नोंद चोराने बदलली.

बिटकॉइनवर अशी वेळ आली होती का?

धोक्याची घंटा वाजली होती. एकट्या मायनरला ब्लॉक सापडायला वर्षे लागू शकतात, म्हणून मायनर ‘पूल’मध्ये एकत्र येतात आणि बक्षीस वाटून घेतात. पूलची रचना दूध संघासारखी असते. गाई-म्हशी शेतकऱ्यांच्या, पण गोळा झालेल्या दुधाचे काय करायचे हे संघ ठरवतो. तसेच यंत्रे मायनरची, पण ब्लॉकमध्ये काय घालायचे आणि तो कोणत्या फाट्यावर जोडायचा, हे पूलचालक ठरवतो. जून २०१४ मध्ये ‘जीहॅश’ या एकाच पूलकडे बिटकॉइनची निम्म्याहून अधिक क्षमता काही काळ एकवटली. कोणताही हल्ला झाला नाही, पण बिटकॉइनच्या जगात खळबळ उडाली. अनेक मायनरनी आपली यंत्रे दुसऱ्या पूलकडे वळवली आणि पुढच्याच महिन्यात जीहॅशने ४० टक्क्यांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. २०१६ मध्ये हा पूल बंदच झाला.

जीहॅशने ताकद असून हल्ला का केला नाही? नाकामोतोच्या निबंधात याचे उत्तर आधीच होते. इतकी क्षमता ज्याच्याकडे आहे, त्याला फसवणुकीपेक्षा नियमाने मायनिंग करण्यात जास्त फायदा आहे. बिटकॉइनची यंत्रे दुसऱ्या कशासाठी फारशी उपयोगी पडत नाहीत. हल्ल्यामुळे बिटकॉइनवरचा विश्वास उडाला, तर भाव पडेल आणि कोट्यवधींची यंत्रे भंगारात जातील. नेटवर्कची सुरक्षा या हितसंबंधावर उभी आहे.

मग छोटी चलनेच का सापडतात?

कारण हा हितसंबंध भाडेकरूला लागू होत नाही. हल्ल्यानंतर चलन रसातळाला गेले तरी त्याचे काही अडकलेले नसते. इथेरियम क्लासिकची आकडेमोडीची पद्धत तेव्हा इथेरियमसारखीच होती. मात्र त्याचा हॅशरेट इथेरियमच्या तुलनेत जेमतेम काही टक्के होता. इथेरियमसाठी राबणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा छोटासा हिस्सा तासाभराच्या भाड्याने वळवला, तरी इथेरियम क्लासिकवर बहुमत मिळत होते. अशी क्षमता भाड्याने देणाऱ्या बाजारपेठा खुल्या आहेत. ऑगस्टमधील पहिल्या हल्ल्यासाठी स्लोव्हेनियातील ‘नाइसहॅश’ या बाजारपेठेतून क्षमता घेतली गेल्याचे बिटक्वेरीने म्हटले होते. तिथे कार्डमालक आपले यंत्र जोडून मोबदला घेतो. त्याच्या यंत्रावर प्रामाणिक ब्लॉक तयार होत आहेत की गुप्त साखळी, हे त्याला कळत नाही.

‘बिटकॉइन गोल्ड’ची गोष्टही अशीच. २०१७ मध्ये बिटकॉइनपासून फुटून निघालेल्या या चलनाचा उद्देश चांगला होता. महागड्या खास यंत्रांची मक्तेदारी मोडावी, घरच्या ग्राफिक्स कार्डावरही मायनिंग करता यावे, असा. पण जे कार्ड कोणाकडेही असते ते भाड्यानेही सहज मिळते. मे २०१८ मध्ये या चलनावर हल्ला झाला आणि सुमारे ३ लाख ८८ हजार नाण्यांचा दुहेरी वापर झाल्याचे दिसले. त्यांची तेव्हाची किंमत १ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात होती.

मोनेरोचे प्रकरण वेगळे कसे?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘मोनेरो’ या गोपनीयतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या चलनाबाबत नवीच पद्धत दिसली. ‘क्युबिक’ या दुसऱ्या कूटचलन प्रकल्पाने मोनेरोच्या मायनरना जास्त मोबदल्याचे आमिष दाखवून आपल्याकडे ओढले आणि बहुमत मिळवल्याचा दावा केला. हा दावा अनेक संशोधकांना मान्य नव्हता. प्रत्यक्ष वाटा निम्म्याहून कमी असूनही ब्लॉक लपवण्याची युक्ती वापरली गेल्याचे त्यांचे म्हणणे होते. तरीही १२ ऑगस्टला सहा ब्लॉक आणि १४ सप्टेंबरला १८ ब्लॉक बदलले गेले. मोनेरोत घेणाऱ्याला साधारण १० ब्लॉक थांबावे लागते, त्यामुळे १८ हा आकडा गंभीर होता. दरम्यान ‘क्रॅकेन’ या एक्स्चेंजने मोनेरो जमा करून घेणे काही काळ थांबवले. यात कोणाला लुटण्यापेक्षा आपली ताकद दाखवून देण्याचा हेतू अधिक होता. म्हणजे हल्लेखोर नफ्याचाच विचार करील, या गृहीतकालाही मर्यादा आहेत.

यावर उपाय काय?

सर्वांत सोपा उपाय थांबण्याचा. २०२० च्या हल्ल्यांनंतर कॉइनबेसने इथेरियम क्लासिक जमा झाल्याची खात्री धरण्याचा कालावधी सुमारे दोन आठवड्यांवर नेला. सुरक्षा वाढली, पण झटपट व्यवहारांसाठी असलेल्या चलनात धनादेश वटण्यापेक्षाही जास्त वेळ लागू लागला. दुसरा उपाय नियमातच बदल करण्याचा. इथेरियम क्लासिकने ऑक्टोबर २०२० मध्ये अशी तरतूद केली की, उशिराने प्रकट होणाऱ्या लांब फाट्याला मान्यता मिळवण्यासाठी कितीतरी पट जास्त संगणकीय मेहनत दाखवावी लागेल. तिसरा मार्ग मोठ्याच्या आधाराने राहण्याचा. ‘डोजकॉइन’ने २०१४ मध्ये ‘लाइटकॉइन’सोबत संयुक्त मायनिंगची सोय स्वीकारली. त्यामुळे एकाच आकडेमोडीत दोन्ही साखळ्यांचे ब्लॉक तयार होतात आणि डोजकॉइनला लाइटकॉइनच्या क्षमतेचे संरक्षण मिळते.

चौथा मार्ग मायनिंगच सोडून देण्याचा. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी तो स्वीकारला. तिथे आता संगणकीय क्षमतेऐवजी तारण ठेवलेल्या नाण्यांवर मत ठरते. लबाडी पकडली गेली, तर तारण जप्त होते. यातही एक तृतीयांश तारण ज्याच्याकडे आहे, तो व्यवहारांवरचे अंतिम शिक्कामोर्तब रोखू शकतो. पण त्यासाठी प्रचंड रक्कम गुंतवून ती गमावण्याची तयारी हवी. योगायोग असा की, या बदलामुळे बेकार झालेली बरीच ग्राफिक्स कार्डे इथेरियम क्लासिककडे वळली, त्याचा हॅशरेट कित्येक पटींनी वाढला आणि भाड्याच्या हल्ल्याचा धोका त्या प्रमाणात घटला.

बिटकॉइनला आज किती धोका?

भाड्याचा मार्ग इथे जवळपास बंद आहे. २०२५ मध्ये बिटकॉइनच्या हॅशरेटने सेकंदाला एक हजार एक्झाहॅशचा टप्पा गाठला. एका आधुनिक यंत्राची क्षमता २०० टेराहॅश धरली, तर तितक्या क्षमतेसाठी ५० लाख यंत्रे लागतील. प्रत्येकी साडेतीन हजार वॉट धरले, तर त्यांना १७ हजार मेगावॉटहून अधिक वीज लागेल. महाराष्ट्राची कमाल वीजमागणी ३० हजार मेगावॉटच्या घरात आहे, यावरून अंदाज यावा. एवढी यंत्रे बाजारात एकगठ्ठा मिळतही नाहीत. मात्र ‘फाउंड्री’ आणि ‘अँटपूल’ या दोनच पूलकडून अनेकदा निम्म्याच्या आसपास ब्लॉक येतात, ही चिंतेची बाब आहे. मायनर पूल बदलू शकतात, हा जीहॅशच्या वेळचा दिलासा आजही आहे. पण पूलचालकांवर एखाद्या सरकारने दबाव आणला, तर हितसंबंधाचे गणित पुरे पडेलच असे नाही.

भारतीय गुंतवणूकदारांनी काय लक्षात घ्यावे?

प्रत्येक कूटचलन घोटाळा म्हणजे ५१ टक्के हल्ला नव्हे. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चलने चोरीला गेली, ती वॉलेटची सुरक्षा भेदून. ब्लॉकचेनच्या नोंदी तिथे शाबूत होत्या. उलट ५१ टक्के हल्ल्यात वॉलेट शाबूत राहते आणि नोंद बदलते. त्यामुळे छोट्या, स्वस्त चलनात पैसे घालणाऱ्याने केवळ भावाचा आलेख पाहून भागत नाही. ते चलन मायनिंगवर चालते का, त्याच पद्धतीने चालणारे दुसरे मोठे चलन आहे का, मोठी एक्स्चेंज त्याच्या जमा व्यवहारासाठी किती ब्लॉक थांबतात, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. एक्स्चेंज एखाद्या चलनासाठी हजारो ब्लॉक थांबत असेल, तर त्या चलनाच्या नोंदीवर जाणकारांचा किती भरवसा आहे, हे तेवढ्यावरून कळते.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. बँक ठेवींसारखे विम्याचे कवचही नाही. ओकेईएक्सच्या ग्राहकांपर्यंत हल्ल्याची झळ पोहोचली नाही, ती कंपनीने तोटा स्वतः भरण्याचे ठरवल्यामुळे. तसे करणे तिला शक्य होते. छोट्या एक्स्चेंजला ते शक्य होईलच, असे नाही. नोंदवही बदलणे किती महाग आहे, यावरच कोणत्याही कूटचलनाची सुरक्षितता अवलंबून असते. इथेरियम क्लासिकसाठी ऑगस्ट २०२० मध्ये तो खर्च दीड कोटी रुपयेही नव्हता.